बारा मिनिटांचं फडकं

घाटंजीच्या बाजाररस्त्यावर रहमतच्या दुकानापुढे एक खिळा आहे. उन्हाळाभर त्या खिळ्यावर एक पांढरं सुती फडकं लटकलेलं असतं. नव्या माणसाला वाटतं, हात पुसायला ठेवलं असेल. जुन्यांना ठाऊक आहे की त्याला कोणी तेलाचा हात लावला, तर रहमत चार दिवस त्या माणसाशी बोलत नाही.

रोज दुपारी दोनच्या ठोक्याला रहमत हातातलं काम खाली ठेवतो. फडकं माठाच्या पाण्यात बुडवतो, तीनदा पिळतो, छपराच्या सावलीत टांगतो आणि घड्याळ पाहतो. मध्येमध्ये उठून कोपरे चिमटीत धरून बघतो. खडखडीत वाळलं की किती मिनिटं लागली तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाच्या चौकटीत लिहितो. वर्ष संपलं की जुन्या कॅलेंडरवरच नवं टांगतो. अशी सव्वीस कॅलेंडरं एका खिळ्यावर जाडजूड लोंबतात. अकीला, म्हणजे रहमतची बायको, म्हणते की या घरात सोनं नाही पण उन्हाळे भरपूर साठवून ठेवलेत.

रहमत कूलर दुरुस्त करतो, जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, पंप बदलतो, ताट्या बांधतो. घाटंजीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत त्याच्या हातून न गेलेला कूलर शोधावा लागेल.

फडक्याची ही रीत त्याच्या बापाची. बाप वाळ्याच्या ताट्या करायचा. कचेऱ्यांच्या आणि साहेबांच्या घरांच्या खिडक्यांना त्या ताट्या लागायच्या, आणि दिवसभर त्यांच्यावर झारीने पाणी मारायचं काम पोरसवदा रहमतकडे असायचं. पाणी किती मारायचं हे बाप फडकं टांगून ठरवायचा. म्हणायचा, “हवा प्यासी पाह्यजे बेटा. पेट भरेली हवा कोनाच्या कामाची नाही.” तहानलेली हवा ओल्या ताटीतून जाते, जाता जाता पाणी पिते आणि त्या पिण्यात तिची उष्णता खर्ची पडते. हवा आधीच ओली असेल तर ती पाणी पीत नाही, आणि जी पीत नाही ती थंडही होत नाही. सगळ्या कूलरचं मर्म एवढंच. ते रहमत कुठल्या शाळेत शिकला नाही. शिकला ते फडक्याकडून.

वैशाखातल्या कडक दुपारी फडकं बारा मिनिटांत वाळायचं. बारा म्हणजे खरा उन्हाळा. बाहेर झळा असल्या तरी घरात ताटीमागे माणूस चादर घेऊन झोपायचा.

त्याच काळात कमलाकररावांची आणि त्याची ओळख झाली. कमलाकरराव तेव्हा कचेरीत नुकतेच कारकून म्हणून लागले होते. पंधरा वर्षांच्या रहमतने एके दिवशी ताटीवर मारायची झारी त्यांच्या टेबलावरच्या फायलींवर उपडी केली. दोघांनी मिळून एकेक कागद अंगणात दगडाखाली वाळत घातला. कमलाकररावांनी शिव्यांची चांगली तयारी केली होती, पण त्या सुरू होण्याआधीच कागद कुरकुरीत वाळून उडायला लागले, आणि ते धरण्यासाठी धावताना दोघांनाही हसू फुटलं. पुढे जन्मभर रहमत समोर दिसला की कमलाकरराव विचारायचे, “फायली वाळल्या का बे?” आणि रहमतने म्हणायचं, “कवाच्याच वाळल्या, बाबूसाहेब.”

आता कमलाकरराव एकाहत्तरचे आणि रहमत बासष्टचा. कमलाकररावांना रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, त्यातली एक लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी. त्यांचा मुलगा अनिकेत पुण्याला इंजिनिअर. एप्रिलमध्ये तो आला तो ठरवूनच, की बाबांच्या खोलीत एसी बसवायचा. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की या वयात, या गोळ्यांवर, यापुढचे उन्हाळे नुसते काढायचे म्हटले तरी जिवावर बेततील.

कमलाकररावांना एसी नको होता. त्यांनी निवाड्यासाठी रहमतला बोलावलं. कमलाकररावांच्या पत्नी शोभाताईंनी पन्हं दिलं आणि पंचायत बसली. अनिकेतचं म्हणणं साधं होतं. जग तापतंय, समुद्र तापताहेत, आणि तापलेल्या हवेत वाफ जास्त मावते. आता ऊनही वाढणार आणि उन्हाबरोबर दमटपणाही येणार. अशा दिवशी कूलर हात टेकेल.

रहमत हसला होता. “दादा, समुद्र कुठी अन् आपली घाटंजी कुठी? आपली हवा कोरडी ठण आहे. चाळीस वर्षं मी याच हवेची भाकर खाल्ली.” मग जे बोलायला नको होतं तेही बोलला. “बाबूसाहेबाची जबाबदारी माही. मी आहो ना.”

अनिकेतने वाद सोडला. ज्याच्या खांद्यावर बसून लहानपणी पोळा पाहिला त्या माणसाला किती खोडायचं? एसी बसवायचं राहून गेलं. परतताना रहमतला आपण कोणाचं तरी भलं केलं असं वाटत होतं. खरं तर त्याला भीती वाटली होती. बाबूसाहेबांच्या घरातून कूलर गेला, तर त्या घरात रहमतला काय काम उरणार?

त्याने जबाबदारी मनावर घेतली. कमलाकररावांचा कूलर पश्चिमेच्या खिडकीबाहेर असायचा. तिथे दुपारनंतर टाकीतलं पाणी इतकं तापायचं की शोभाताई म्हणायच्या, यात चहापत्ती टाका, पाहुण्यांची सोय होईल. रहमतने कूलर आत खोलीत घेतला, सावलीत स्टँडवर ठेवला. पाणी थंड राहू लागलं, हवाही बरी लागू लागली. फक्त एक पथ्य त्याने सांगून ठेवलं. कूलरची ओली हवा निघून गेली पाहिजे, म्हणून मागचं दार कायम चार बोटं उघडं ठेवायचं. युक्ती जमली तशी त्याने ती इतरांकडेही केली. या एका उन्हाळ्यात त्याने अकरा घरांतले कूलर आत घेतले.

आता कॅलेंडरांचं. पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत मे महिन्याच्या पानांवर बारा, बारा, तेरा, अकरा, बारा असेच आकडे आहेत. त्यानंतर मध्येच एखादा सतरा दिसतो. पुढे एकोणीस, वीस. रोज नाही, चार दिवस बारा आणि मग अचानक वीस. थर्मामीटरचा पारा मात्र त्या दिवशीही बेचाळिसाच्या खाली नसायचा. रहमतने फडक्यावर संशय घेतला. दोन वर्षांपूर्वी नवं फडकं आणलं, खळ जाईपर्यंत तीनदा धुतलं आणि टांगलं. आकडे तेच आले. अकीला तेव्हा म्हणाली होती, “फडकं बदलून काय होते? हवा बदलते का?” त्याला ते बोलणं लागलं होतं. बाईच्या जातीला काय कळतं, असं तो पुटपुटला, आणि अकीलाने त्या दिवशी मुद्दाम त्याच्या भाजीत मीठ घातलं नाही.

आणखीही गोष्टी होत्या. पूर्वी कूलर दुपारचे पाच-सहा तास चालायचे. संध्याकाळी गच्ची निवायची, लोक वर जाऊन झोपायचे. आता स्लॅब पहाटेपर्यंत धगधगत राहतो, कूलर वीस-वीस तास फिरतात, आणि मोटारी जळून रांगेने दुकानात येतात. लोक म्हणायचे, रहमतभाऊ, तुमची तर चांदी आहे. रहमत मान हलवायचा. पण जळक्या तांब्याचा वास दुकानातून जायचाच बंद झाला होता, आणि तो वास त्याला बरा वाटत नव्हता.

यंदा नवतपा लागला तेव्हा लोक खूश होते. हे नऊ दिवस जेवढे तापतील तेवढा पाऊस चांगला, असा इकडचा हिशेब. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं. अर्धा तास पाऊस कोसळला, आंबे झडले, तारा तुटल्या. लोकांनी दारात उभं राहून अंगावर थेंब घेतले. सकाळी पुन्हा ऊन पडलं, पण ते नेहमीचं नव्हतं. आभाळ निळं नव्हतं, पांढुरकं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. नऊ वाजताच रहमतच्या बंडीतून घाम ओघळत होता आणि जिथे ओघळत होता तिथेच राहत होता. मोबाईलवर तापमान एक्केचाळीस दाखवत होतं. आदल्या आठवड्यापेक्षा तीन अंशांनी कमी. समोरचा रसवंतीवाला उकंडा म्हणाला, चला, आज जरा उतरलं.

दोन वाजता रहमतने फडकं टांगलं.

बारा मिनिटांनी ते ओलं होतं. वीस मिनिटांनी हात लावला तर बोटांना गार लागलं नाही, नुसतं चिकट लागलं. पंचवीस झाली. मोटार भरून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं. रहमत स्टूल घेऊन फडक्यासमोरच बसला. एकतिसाव्या मिनिटालाही खालच्या काठात ओल होती, आणि सव्वीस कॅलेंडरांत मे महिन्याच्या कुठल्याच चौकटीत असा आकडा नव्हता.

हवेचं पोट भरलं होतं. एक्केचाळीस अंशांवर हवेचं पोट भरलं होतं.

त्याच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती स्टँडवरचा कूलर. बंद खोली, वर तापलेला स्लॅब, आणि आत दर मिनिटाला हवेत वाफ सोडणारं यंत्र. हे त्याच्याच हाताने मांडून ठेवलेलं होतं. त्याने फोन लावला. कमलाकररावांनी उचलला नाही. शोभाताईंनी उचलला.

त्या स्वयंपाकघरात होत्या आणि खुशीत होत्या. “झोपले ना शांत. सकाळपासून नुसती चिडचिड करून राह्यलेते, डोकं दुखते म्हणे. आता गप झाले. अंगावर घामाचा टिपूस नाही, पाहा. तुमचा कूलर झकास चालून राह्यला रहमतभाऊ.”

रहमतच्या स्वतःच्या कोपरावरून घाम फरशीवर टपकत होता. अशा हवेत ज्याला घाम येत नाही तो माणूस गार पडलेला नसतो. त्याच्या अंगातलं पाणी संपलेलं असतं.

“वहिनी, मागचं दार?”

“लावलं ना. काय गरम वाफ येते बाहेरून.”

“दार उघडा. सगळ्या खिडक्या उघडा. कूलर बंद करा.”

कूलर बंद करा, हे रहमतच्या तोंडून घाटंजीत कोणी कधी ऐकलं नव्हतं.

“बंद करू?” शोभाताईंनी विचारलं.

“बंद. अन् त्याइले हलवून उठवा. मी निंघालो.”

दुकान तसंच उघडं टाकून तो रस्त्यावर आला. हरिसिंगचा ऑटो कडुलिंबाखाली उभा होता. रहमत त्याच्याकडे धावला, आणि दोन पावलांवर थांबून उलटा वळला. बादलीभर पाणी न्यायचं त्याच्या मनात होतं. ऊन लागलेल्या माणसाला ओल्या चादरीत गुंडाळायचं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण जिथे फडकं एकतीस मिनिटांत वाळलं नाही, तिथे चादर कशी वाळणार? आणि वाळणार नाही ती चादर अंगाची आग काय ओढणार? आज पाण्याच्या अंगात काही नव्हतं. आज जे मुळातच थंड आहे तेच लागणार होतं. तो उकंडाच्या रसवंतीत शिरला आणि बारदानात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी त्याने खांद्यावर घेतली.

उकंडा हसायला लागला. “काहून भाऊ, कूलरवाल्यालेच बर्फ लागून राह्यला? धंदा बसला का?”

“हाव, बसला,” रहमत म्हणाला आणि ऑटोत चढला. त्याचा चेहरा पाहून उकंडाचं हसू तिथेच थांबलं.

कमलाकररावांच्या घराचं दार शोभाताईंनी उघडून ठेवलं होतं. कूलरही बंद केला होता, पण खोलीतली हवा अजून हलली नव्हती. आत पाऊल टाकताच रहमतला भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखं झालं. टेबलावरचे पापड चामड्यासारखे मऊ पडले होते. स्टुलावरचं वर्तमानपत्र लोळागोळा होऊन लोंबत होतं. स्लॅबची धग डोक्याला जाणवत होती.

कमलाकरराव पलंगावर उताणे होते. चेहरा लाल, ओठ फुटलेले. रहमतने हात लावला आणि चटकन काढून घेतला. अंग तव्यासारखं कोरडं आणि कढत होतं. शोभाताई ओला टॉवेल त्यांच्या छातीवर पसरत होत्या, आणि तो टॉवेलही कोमट झाला होता. रहमतने तो काढला, बर्फ फोडून त्यात आणि हाताशी आलेल्या रुमालांत बांधला आणि मानेला, दोन्ही काखांत, जांघेत लावला. हरिसिंगने न सांगता सूप घेतलं आणि वारा घालायला सुरुवात केली. शोभाताई नवऱ्याचे पाय धरून बसल्या होत्या.

मग कमलाकररावांचे ओठ हलले. डोळे अर्धे उघडे होते, पण समोर कोण आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

“फायली,” ते म्हणाले. “फायली वाळल्या का बे?”

रहमतने हरिसिंगला खूण केली आणि दोघांनी त्यांना उचलून ऑटोत ठेवलं.

ग्रामीण रुग्णालय ऑटोने सात मिनिटांवर होतं. सगळा रस्ता रहमत त्यांच्या काखेतला बर्फ बदलत राहिला. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी ताप पाहिला तेव्हा तो बर्फ लावूनही एकशे चार होता. सलाईन सुरू झालं. बर्फ कोणी लावला, असं त्यांनी विचारलं. शोभाताईंनी रहमतकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते. पण किडनीचं आत्ताच सांगता येणार नाही. यवतमाळला हलवावं लागेल. त्यांनी गाडी बोलावली आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या. पुढे आणखी तिघे होते.

गाडी यायच्या आधी कमलाकररावांनी डोळे उघडले. शोभाताईंना ओळखलं. रहमतकडे बराच वेळ बघत राहिले, ओळखीची एखादी जागा आठवत नसावी तसे. पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू. “वाळल्या?”

“कवाच्याच वाळल्या, बाबूसाहेब,” रहमत म्हणाला. जन्मात पहिल्यांदा ते उत्तर खोटं होतं.

अनिकेतचा फोन आला तेव्हा तो पुण्याहून निघत होता. रहमतने भिंतीकडे तोंड केलं. माझी चूक झाली, फडकं दोन-तीन वर्षांपासून सांगत होतं, मीच ऐकलं नाही, असं तो तुटक तुटक बोलला. अनिकेत रागावला नाही. त्याने विचारलं, “काका, आणखी कोणाकडे असा कूलर आत घेतलाय का?”

रहमत थिजला. आपल्या दुःखात त्याला ते सुचलंच नव्हतं. अकरा घरं. त्यातलं एक हे.

त्याने शोभाताईंना सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मग इथं काय करून राह्यले? जा ना.”

बाहेर पावणेचार वाजले होते. हरिसिंग ऑटो चालू करूनच बसला होता. बारदानात बर्फ अजून थोडा शिल्लक होता. रहमतने बोटांवर घरं मोजली आणि ज्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं ते आधी धरलं. रुपीबाई, तांड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, दोन खोल्या आणि वर पत्रे.

दार आतून बंद होतं आणि आत कूलरची घरघर चालू होती. रहमतने थाप मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी मारली. बराच वेळ नुसती घरघर ऐकू येत राहिली. मग कडी वाजली आणि भिंतीला धरून रुपीबाई उभी राहिली. केस कपाळाला चिकटलेले, डोळे तांबडे. घाम येत होता. रहमतने पहिल्यांदा तेच पाहिलं.

तो सरळ आत गेला, कूलर बंद केला आणि मागचं दार सताड उघडलं. रुपीबाई ओरडायच्याही अवस्थेत नव्हती, तरी तिने सोडलं नाही. “कायले बंद केला? तूच त सांगतलं, कूलर हाय तर मरन नाही.”

“हाव बाई, मीच सांगतलं.” त्याने तिला धरून मागच्या बोरीच्या सावलीत बसवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं, मानेवर बर्फ ठेवला आणि शेजारच्या सुनेला हाक मारून तिच्यापाशी बसवलं. आज आत झोपायचं नाही, कूलर लावायचा नाही, घाम थांबला की लगेच दवाखान्यात न्यायचं, असं दोघींकडून वदवून घेतलं. रुपीबाईचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. ज्याने रोग दिला तोच औषध सांगतोय, अशा नजरेने ती त्याच्याकडे बघत होती.

परत ऑटोत बसताना रहमतने खाली पाहिलं. रसवंतीपासून दवाखान्यापर्यंत बर्फाचं सांडलेलं पाणी ऑटोच्या तळाच्या पत्र्यावर अजून तसंच थापलेलं होतं, त्याच्या चपलांखाली पचपचत होतं. अकीलाचा फोन वाजला. दुकान उघडं पाहून ती तिथे जाऊन बसली होती. तिने एवढंच सांगितलं, की फडकं आत्ता वाळलं, सव्वादोन तास झाले, चौकटीत काय लिहू?

रहमतला विश्वास बसेना. दुपार चढली तसं वाळायला हवं होतं, ते उलट अडलं होतं.

“तेच लिही,” तो म्हणाला.

हरिसिंगने मागे वळून विचारलं, आता कुठी. रहमतने बारदानावर हात दाबून बर्फ किती उरलाय ते पाहिलं. नऊ घरं होती. चार घरांपुरता बर्फ होता.

“पह्यले उकंडाकडे घे,” तो म्हणाला. “मंग सांगतो.”